गुलसोमच्या सतरा शिळा

आपल्याकडे बाईनं शीळ घातली की घरातली म्हातारी माणसं डोळे वटारतात. गुलसोम बेटावर सगळं उलटं. तिथं बाईची शीळ ऐकू आली नाही, तर अख्खं गाव काठावर धावतं आणि रडायला लागतं. हसू नका. आधी ऐका, मग हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तुमच्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांनाही अजून दुधाचे दात यायचे होते, एवढं समजा. कोरिया नावाचा देश आहे ना, त्याच्या दक्षिणेला समुद्रात बेटंच बेटं आहेत, कुणी मूठभर चणे उधळावेत तशी. त्यातलं एक एवढंसं बेट म्हणजे गुलसोम. जमीन म्हणाल तर नुसता काळा दगड, वर मातीचा पापुद्रा. त्यात सातू उगवायचे, तेही रडतखडत. मग माणसांनी खायचं काय? तर समुद्रात असेल ते. आणि ते आणायचं कुणी? बायकांनी.

होय, बायकांनी. पुरुष होड्या घेऊन लांब मासेमारीला जायचे आणि बुडी मारायचं काम बायकांचं. अंगावर सुती कपडे, कमरेला लोखंडाची पट्टी आणि सोबत एक वाळलेला भोपळा. भोपळा पाण्यावर तरंगायचा, त्याला जाळी बांधलेली. श्वास कोंडून खाली जायचं, खडकाला चिकटलेला तळहाताएवढा शिंपला पट्टीनं उचकटायचा, वर येऊन जाळीत टाकायचा. वर आलं की कोंडलेला श्वास ओठांतून एकदम सुटतो आणि त्याची शीळ होते. मुद्दाम घालावी लागत नाही, आपोआप होते. आणि प्रत्येकीची वेगळी. शंभर बायका ओरडल्या तरी तुमच्या आईची हाक तुम्हाला कळते की नाही? तसंच ते.

त्या बेटावर एक नियम होता, आणि तो राजाच्या हुकमापेक्षाही मोठा होता. सगळ्यांत जाणती बाई शिळा मोजायची. शेवटची शीळ मोजून होईपर्यंत कुणी पाण्याबाहेर पाऊल ठेवायचं नाही. एक शीळ कमी भरली, की सगळ्यांनी पुन्हा खाली जायचं.

आपल्या गोष्टीच्या वेळी मोजायचं काम गोबुनकडे होतं. साठीची बाई, काळी, चिवट, सुकवलेल्या बोंबलासारखी. पाण्यात उतरली की विशीची व्हायची आणि तोंड उघडलं की भल्याभल्यांना पळता भुई थोडी व्हायची. तिला एकच मुलगा, दोल्से. त्यानं लग्न करून बायको आणली ती थेट मुख्य भूमीवरच्या डोंगरातून, कुंभारांच्या गावातून. पोरीच्या हनुवटीवर तीळ होता, आणि तिळाला तिकडे जोम म्हणतात, म्हणून तिचं नाव जोमी. होडीतून उतरताना तिनं समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, एवढं पाणी कुणी सांडलं?"

गोबुननं कपाळावर हात मारून घेतला.

"कुंभाराची पोर!" ती शेजारच्या सामवोलला म्हणाली. "पाण्यात घातली तर विरघळेल ही."

सामवोल गोबुनची जुनी जोडीदारीण, चाळीस वर्षं तिच्याबरोबर पाण्यात उतरलेली. ती म्हणाली, "भाजून घे की मग."

गोबुननं भाजून घेतलंच. घोटाभर पाण्यात किंचाळणाऱ्या सुनेला तिनं दंडाला धरून छातीभर पाण्यात नेलं, ढकललं, बुडू लागली की केस धरून वर काढलं, पुन्हा ढकललं. पहिलं वर्ष जोमीनं समुद्राचं पाणी प्यायलं. दुसऱ्या वर्षी तळाची वाळू मुठीत आणली. तिसऱ्या वर्षी पहिला शिंपला. तिची शीळसुद्धा आली, दोन तुकड्यांची, आधी आखूड मग लांब. गोबुन मोजताना अठरा म्हणू लागली. पण तोंडानं शाबासकी? नाव नको. "सतरा बायका आणि एक मडकं," असंच म्हणायची.

जोमीला एक खोड मात्र होती. पाण्यातून बाहेर आल्यावर बायका दगडांच्या आडोशाला शेकोटी करून बसायच्या. तिथं ही पोरगी एकेकीची शीळ हुबेहूब काढून दाखवायची. सामवोलची मध्येच अडखळणारी. गोबुनच्या धाकट्या जावेची चिमणीसारखी. गोबुनची तर अशी काढायची, घारीसारखी लांब आणि सरळ, की बायका हसून हसून पोट धरायच्या. एकदा गोबुननं ते ऐकलं.

"शीळ म्हणजे थट्टा नाही," ती म्हणाली. "ज्या श्वासावर आपण परत येतो तो श्वास आहे तो. दुसरीचा जीव आपल्या तोंडात घेऊ नये."

जोमी मान खाली घालून बसली. गोबुन वळली आणि चालायला लागली. पण खरं सांगायचं तर ती शीळ ऐकून क्षणभर तिच्याच काळजाचा ठोका चुकला होता, इतकी ती तिची होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग एका वर्षी राजाचा हुकूम आला. पूर्वेकडून चाचे येताहेत, किनाऱ्यावरची गावं लुटताहेत, म्हणून राजाच्या जहाजांवर माणसं हवीत. गुलसोमचे धडधाकट पुरुष झाडून सगळे गेले. निघताना दोल्से बायकोला म्हणाला, "आईला सांभाळ."

"मी? त्यांना?" जोमी म्हणाली. "अहो, त्या मला एका हातानं उचलून पाण्यात फेकतात."

दोल्से हसला. मग हसायचा थांबला आणि पुन्हा म्हणाला, "आईला सांभाळ, जोमी."

"सांभाळीन," ती म्हणाली. गोबुन तिथंच जाळी विणत बसली होती. तिनं फुरकन नाक उडवलं आणि गाठ मारली.

राजाची जहाजं एकीकडे गेली आणि चाचे दुसरीकडून आले. असंच होतं बघा. शरद ऋतूतल्या एका सकाळी दोन लांबलचक होड्या गुलसोमच्या खाडीत शिरल्या. ते बायका पळवायचे, पोरं विकायचे, म्हाताऱ्यांना कापून टाकायचे. पण गुलसोमच्या लोकांकडे एक गुहा होती.

बेटाच्या मागच्या अंगाला कड्याच्या पोटात ती होती. तिचं तोंड ओहोटीला उघडं पडायचं आणि भरतीला पूर्ण पाण्याखाली जायचं. आत मात्र उंच कोरडा कट्टा, वर हवेला एक भोक आणि भिंतीतून ठिबकणारं गोडं पाणी. होड्या दिसताच गोबुननं सगळ्यांना तिकडे पिटाळलं. सगळी मिळून चाळीस माणसं. अठरा बुडी मारणाऱ्या बायका, बाकी पोरं आणि म्हातारेकोतारे. ओहोटी होती, तोंड उघडं होतं. सगळे आत शिरले आणि मागून समुद्रानं दार लावून घेतलं, असं गुलसोमचे लोक म्हणतात.

चाच्यांना गाव रिकामं सापडलं. चुली अजून गरम होत्या. माणसं बेटावरच आहेत हे त्यांना कळलं. ते गावातच तळ ठोकून बसले, सातूची पोती फोडली, डुकरं मारली, रोज बेट धुंडाळू लागले. मागच्या अंगाला मात्र ते आले नाहीत. तिथं नुसता कडा आणि पाणी, तिथं माणूस कसा असेल?

तिसऱ्या दिवशी गुहेतली पोरं भुकेनं रडायचीही थांबली. रडणारं पोर एक वेळ परवडतं हो, गप्प पडलेलं पोर बघवत नाही. गोबुन उठली. दुपारची भरती होती, गुहेचं तोंड पाण्याखाली होतं.

"मी जाऊन येते," ती म्हणाली. "दोन जाळ्या भरल्या तरी आज भागेल."

एकटीनं पाण्यात उतरायचं नाही, हाही नियमच. बाकीच्यांच्या मांडीवर पोरं होती. जोमीच्या कुशीत अजून कुणी नव्हतं. ती पट्टी कमरेला बांधून उभी राहिली.

गोबुननं तिला बजावलं. सगळ्यांसमोर, बोट नाचवून. "बाहेर डोकं काढशील तेव्हा शीळ नको. श्वास नाकानं सोड, हळू. एक शीळ गेली आणि ते या बाजूला आले, तर ओहोटी लागताच त्यांना गुहेचं तोंड दिसेल. कळलं का मडक्या?"

"कळलं, सासूबाई."

दोघी बुडी मारून बाहेर पडल्या. दोन बुड्या झाल्या, तीन झाल्या. जोमी वर यायची, डोळे मिटून श्वास नाकानं सोडायची. आवाज नाही की काही नाही. गोबुनला आतून बरं वाटलं, शिकली हो पोरगी. चौथ्या बुडीला तिला कपारीत एक मोठा शिंपला दिसला. तो निघेना. तिनं जोर लावला, वेळ लावला, नको तेवढा लावला. छाती फुटायची वेळ आली तेव्हा कुठे शिंपला हातात आला. ती वर आली, डोकं पाण्याबाहेर काढलं, आणि...

शीळ गेली. घारीसारखी, लांब, सरळ. कड्यावर आपटून दुप्पट होऊन परत आली.

चाळीस वर्षांची सवय. सुनेला बोट नाचवून सांगणाऱ्या गोबुनच्याच तोंडून सुटली. तिनं तोंडावर हात दाबला, पण सुटलेली शीळ काय परत येते? कड्याच्या पलीकडून माणसांचे आवाज आले. मग वल्ह्यांचे.

जन्मात पहिल्यांदा गोबुन पाण्यात घाबरली. जोमी पोहत तिच्यापाशी आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे गोबुन मरेपर्यंत सांगायची. जोमीनं आपली जाळी भोपळ्यापासून सोडवून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही आत जा. पोरांना खायला घाला."

"आणि तू?"

"शीळ कुणाची होती ते त्यांना कुठे माहीत आहे? मी त्यांना दुसरीकडे नेते."

"कुठून नेशील? वरचं पाणी काठाकडे ओढतंय. तुला पुढे जाताच यायचं नाही."

"वरनं नाही जात. घळीतनं जाते."

गोबुननं तिचा दंड धरला. कड्यापासून बाहेरच्या खडकांपर्यंत पाण्याखाली एक काळी घळ होती. तिच्या तळाशी पाणी संथ, म्हणून तिथून झपाझप बाहेर जाता यायचं. पण ती इतकी खोल होती की तिथं उतरणाऱ्या बाईचे कान फुटायचे. स्वतः गोबुन तिथं कधी गेली नव्हती आणि कुणाला जाऊ दिलं नव्हतं.

"कान जातील तुझे," ती म्हणाली. "जीवही जाईल."

"सासूबाई, आत चाळीस माणसं आहेत," जोमी म्हणाली. "आणि मी त्यांना शब्द दिलाय." त्यांना म्हणजे दोल्सेला, हे सांगायची गरज नव्हती. तिनं सासूची बोटं दंडावरून सोडवली, छाती भरून श्वास घेतला आणि खाली गेली. तळपाय दिसले, मग तेही दिसेनात.

गोबुन गुहेत परतली. कट्ट्यावर जाळ्या टाकल्या आणि मटकन बसली. बायकांनी विचारलं, "शीळ कुणाची गेली? जोमीची?" गोबुनचं तोंड उघडेना. ज्या तोंडानं आयुष्यभर सगळ्यांना फाडून खाल्लं, त्याच तोंडाला कुलूप लागलं. बायका काय समजायचं ते समजल्या. "पाण्याची पोर नाही ती, तिचा काय दोष," असं कुणीतरी म्हणालं. ते गोबुनला सुरीसारखं लागलं, तरी ती गप्प बसली.

तेवढ्यात वरच्या भोकातून शीळ ऐकू आली. लांबून, समुद्राच्या बाजूनं. अडखळणारी.

सामवोल ताडकन उठली. "अगं, ही तर माझी! आणि मी तर इथं आहे!"

मग दुसरी आली, आणखी लांबून, चिमणीसारखी. धाकट्या जावेनं गळ्याला हात लावून पाहिला. मग तिसरी, मग चौथी. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, दर वेळी थोडी आणखी दूर. गुहेत बसलेली प्रत्येक बाई आपापली शीळ बाहेरून ऐकत होती. चाच्यांना काय वाटलं असेल? गावातल्या झाडून सगळ्या बायका पोहत शेजारच्या बेटाकडे पळताहेत, असंच वाटलं. दोन्ही होड्या कड्यापाशी थांबल्याच नाहीत. वल्ही मारत शिळांच्या मागे लागल्या.

गोबुन मोजत होती. मोजणं तिच्या हाडात होतं. आठ. नऊ. एक शीळ ऐकू यायची आणि मग गप्प. त्या गप्प वेळात ती पोर घळीच्या तळाशी आहे, हे गोबुनला कळत होतं. प्रत्येक वेळी तिचाही श्वास अडकायचा. दहा. अकरा. दोन शिळांमधला वेळ वाढत चालला होता. चौदा. पंधरा. सोळावी इतकी उशिरा आली की सामवोलनं डोळे पुसायला सुरुवात केली होती.

सतरावी आली ती घारीसारखी लांब, सरळ. गोबुनची. आपली शीळ बाहेरून कधी कुणी ऐकलेली असते का? गोबुननं त्या दिवशी ऐकली. आपण अशा परत येतो, हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि तिला रडू फुटलं.

आणि लगेच लाकूड कडकडल्याचा आवाज आला.

बाहेरच्या खडकांना गुलसोमचे लोक दात म्हणतात. भरतीला ते पाण्याखाली दडतात आणि ओहोटी लागली की वर येतात. जोमीनं होड्या बरोबर दातांवर आणल्या होत्या आणि ओहोटी लागली होती. पुढची होडी फुटली. मागचीनं पाण्यात पडलेली माणसं कशीबशी ओढून घेतली. शिळा सतरा आणि डोकं एकही दिसत नाही म्हटल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. बुडालेल्या बायकांची भुतं आहेत ही, असं ओरडत त्यांनी पूर्वेची वाट धरली आणि ते पुन्हा कधी आले नाहीत. काही जण म्हणतात की सतरांनंतरही शिळा येतच राहिल्या. त्या समुद्रात आजवर गेलेल्या सगळ्या बायकांनी जोमीला साथ दिली, आणि म्हणून चाचे पळाले. गोबुनला हे कुणी सांगितलं की ती चिडायची. "सतराच होत्या," म्हणायची. "मी मोजल्यात."

सतराच होत्या, हेच तर दुःख होतं. अठरावी, दोन तुकड्यांची, आलीच नाही.

गुहेचं तोंड उघडं पडलं. समुद्र रिकामा होता. बायका बाहेर आल्या, पोरांना उचलून आणलं, कुणी हसत होतं, कुणी वाळूचे मुके घेत होतं. गोबुन पाण्यात गुडघाभर उभी राहिली आणि म्हणाली, "शीळ माझी होती."

सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"मी चुकले. ती नाही. ती माझ्यासाठी गेली आणि मी आत बसून तुम्हाला तिला नावं ठेवू दिली." एवढं बोलून ती रडायला लागली.

सामवोलनं तिच्याकडे पाहिलं. मग कमरेची गाठ घट्ट केली. "रडायचं ते नंतर रड," ती म्हणाली. "एक शीळ कमी आहे. नियम काय आहे?"

सतराही बायका पाण्यात उतरल्या.

दातांपर्यंत पोहत गेल्या. चार हात मारले की गोबुन शीळ घालायची आणि कान द्यायची. उत्तर नाही. खडकांत फळ्या अडकल्या होत्या, एक वल्हं हेलकावे खात होतं. एक भोपळा तरंगत होता, त्याची दोरी तुटलेली. तो जोमीचा होता. गोबुननं तो छातीशी धरला आणि तशीच पुढे गेली. आता ती शीळ घालत नव्हती, नुसती श्वास घेत होती.

खडकांना वळसा घातला आणि पलीकडे पाहिलं, तर शेवटच्या दातावर पाठमोरी एक बाई बसलेली. केस मोकळे, ओलीचिंब. गोबुननं सगळा जीव एकवटून शीळ घातली. त्या बाईनं वळून पाहिलं नाही. दुसरी घातली. तरी नाही.

"सामवोल," गोबुन कुजबुजली, "गेली गं ती. तिचं भूत आहे ते."

सामवोलनं डोळे बारीक करून पाहिलं. "भूत कधी कपडे पिळतं का?" ती म्हणाली.

खरंच, ती बाई कपडा पिळत होती. नीट, दोन्ही हातांनी, घरी दोरीवर वाळत घालायचा असल्यासारखा. गोबुन खडकावर चढली, गुडघे सोलवटले, त्याचं भान नव्हतं. तिनं मागून खांद्यावर हात ठेवला. जोमी दचकून अशी किंचाळली की खडकावरचे पक्षी उडाले. ती किंकाळी ऐकून सतरा बायकांचा जीव भांड्यात पडला. एवढी गोड किंकाळी आपण उभ्या जन्मात ऐकली नव्हती, असं सामवोल सांगायची.

"मेले! मागून हाका मारतेय, ऐकू येत नाही?" गोबुन ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिनं सुनेला कवटाळलं.

जोमी तिच्या ओठांकडे बघत राहिली. तिच्या दोन्ही कानांतून मानेवर रक्ताच्या रेघा उतरल्या होत्या, वाळून काळ्या पडलेल्या. गोबुनला ते दिसलं आणि सगळं कळलं.

"सासूबाई," जोमी म्हणाली, नको तेवढ्या मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाजही तिला ऐकू येत नव्हता, "मी माझी शीळ घातली हो. वीस वेळा घातली. वारा उलटा आहे म्हणून तुम्हाला पोचली नसेल, असं म्हटलं. पण उत्तरही येईना. मला वाटलं, गुहेत कुणीच उरलं नाही." आणि तिचा चेहरा एवढासा झाला. "उरलेत का?"

आता हिला सांगायचं कसं? गोबुननं दोन्ही हात वर केले, दहा बोटं पसरली. मिटली. पुन्हा पसरली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.

जोमीनं बोटं मोजली. "चाळीस?" ती म्हणाली. "मला धरून?"

"तुला धरून, बये, तुला धरून," गोबुन म्हणाली. ते जोमीला ऐकू आलं नाही, पण ती हसली. मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि रडायला लागल्या, आणि कुणालाच थांबता येईना.

त्या संध्याकाळी चुली पेटल्या. चाच्यांनी टाकून दिलेले सातू वेचून पेज केली, शिंपले भाजले, पोरं खाऊन पसरली. शेकोटीपाशी जोमी उठली आणि तिनं आपला भोपळा गोबुनच्या मांडीवर ठेवला.

"मला आता शिळा ऐकू येत नाहीत," ती म्हणाली. "खालून कुणी वर आली नाही, तर मला कळणार नाही. अशा बाईनं खोल पाण्यात उतरू नये. नियम आहे."

ज्या पोरीनं तीन वर्षं खारं पाणी पिऊन समुद्र मिळवला होता, तिनं तो सासूच्या मांडीवर परत ठेवला. रात्रभर गोबुन जागी होती, असं म्हणतात.

सकाळी तिनं जोमीचा हात धरून तिला काठावरच्या उंच खडकावर नेऊन बसवलं. बायका पाण्यात उतरल्या, बुडी मारली. पहिली सामवोल वर आली, शीळ घातली, आणि गोबुननं सांगितलं होतं तसा उजवा हात डोक्यावर उंच केला, बोटं पसरून. मग दुसरी, मग तिसरी. शीळ आणि हात, शीळ आणि हात. शेवटी गोबुन वर आली. शीळ घातली, दोन्ही हात वर केले आणि खडकाकडे पाहिलं. जोमी उभी राहिली होती. ती बोटं दुमडत होती. सतरा झाल्यावर तिनं तोंडाशी हात नेले आणि सगळं बेट ऐकेल अशा आवाजात ओरडली, "सगळ्या आल्या!"

त्या दिवसापासून मोजायचं काम जोमीचं झालं. जोराचा वारा सुटला की शिळा विरून जातात हो, हात विरत नाहीत. गोबुननं पूर्वी कितीदा वाऱ्याशी भांडत मोजलं होतं, ते तिचं तिलाच माहीत. जोमीनं चाळीसहून जास्त वर्षं मोजलं आणि तेवढ्या वर्षांत गुलसोमची एकही बाई समुद्रात राहिली नाही, असं म्हणतात. वसंतात दोल्से परत आला. होडीतून उडी मारून त्यानं बायकोला हाक मारली, तर ती वळेना. तो घाबरून आईकडे बघायला लागला. गोबुन म्हणाली, "मला सांभाळायला सांगितलं होतंस ना तिला? सांभाळलं तिनं. आता समोर जा आणि हात हलव, गाढवा."

गोबुन गेली, सामवोल गेली. पुढे पुष्कळ वर्षांनी एका थंडीत जोमीही गेली, अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात. दुसऱ्या दिवशी बायका पाण्यात उतरल्या. खडक रिकामा होता. पहिली बाई वर आली आणि क्षणभर घुटमळली. मग तिनं हात वर केला, खडकाकडे तोंड करून. मागोमाग सगळ्यांनी केला.

अजून करतात. आता त्या बायका रबराचे काळे कपडे घालतात, डोळ्यांवर काच लावतात, भोपळ्याऐवजी नारिंगी रंगाचा फुगा नेतात. पण वर आल्या की शीळ जाते आणि हात वर होतो. बाहेरगावचे लोक काठावर उभे राहून बघतात, फोटो काढतात. त्यातल्या कुणालातरी वाटतं की आपल्यालाच हात केला, तो खूष होऊन उलट हात हलवतो. एकदा अशाच कुणी एकानं ओरडून विचारलं, "आजी, कुणाला हात करताय?"

"जोमीला," पाण्यातली म्हातारी म्हणाली. "तिला ऐकू येत नाही."

"पण ती तर कधीच गेली ना?"

म्हातारीनं काच कपाळावर सरकवली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की गोबुनचीच नात असावी. "गेली म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "मोजायचं थांबलीय असं कुणी सांगितलं तुला?"

आणि काच खाली ओढून तिनं पुन्हा बुडी मारली.